उजव्या कानापलीकडे

गौरीने दार ढकललं तेव्हा मंदारदादांनी चहा टाकला होता. सहा महिन्यांनी बहीण घरी येत होती, तीही नवे डोळे घेऊन.

साखळकरांच्या घरात पूर्वी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलत नसे. पन्नाशी आली की नजरेचा मधला भाग विझायचा, कडेचं तेवढं उरायचं. चेहरा पाहायचा तर कानापलीकडे बघावं लागे. लग्नाच्या फोटोत सगळं घराणं रुसल्यासारखं दिसे. पणजोबांनी मागे दुसरं काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे वाटणीवरून भांडणंही झाली नाहीत.

मग जनुक दुरुस्त करणारे थेंब निघाले आणि घरातले बाकी सगळे पुन्हा सरळ बघू लागले. दादांना डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डोळ्यांचा पडदा फार वाळलाय, थेंब लागू पडणार नाहीत." गौरीचा मात्र जेमतेम ओला निघाला. कडेने बघणारी ती एकटीच सोबतीला उरली होती, तरी दादांनीच हट्टाने तिला उपचाराला पाठवलं.

गौरी समोर बसली. थेट बघत म्हणाली, "अगंबाई! दादा, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

"तुला दिसत नव्हतं, तेवढ्यात उरकून घेतलं."

दोघंही खूप हसली. हसणारी गौरी नीट पाहावी म्हणून दादांनी सवयीने तिच्या उजव्या कानापलीकडे नजर लावली.

गौरीने मागे वळून पाहिलं. "कोण आलंय रे?"

"कुणी नाही," दादा म्हणाले.