जास्वंदीची गाय

“पाटीचं डिझाइन पेठेतल्या निकाळज्याकडे नको,” मुरलीशेठ बायकोला म्हणाले. “त्याच्या कॉम्प्युटरचं तोंड रस्त्याकडे, आणि समोरच्या कुंदनशेठकडेही त्याची ऊठबस. आपल्या पेढ्यांची नवी पाटी कुंदन आपल्याआधी बघेल.”

म्हणून त्यांनी डिझाइन ऑनलाइन करून घेतलं, ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा माणसाकडून. कानामागे जास्वंद खोचलेली गाय बघून मुरलीशेठ हरखले. छपाई परगावी केली, पाटी चादरीत गुंडाळून आणली.

पाडव्याच्या सकाळी त्यांनी चादर ओढली. समोर कुंदनशेठही आपली नवी पाटी उघडत होते. तीच गाय, तीच जास्वंद.

“निकाळज्याकडून करून घेतलीत?” मुरलीशेठनी रस्त्यापलीकडे विचारलं.

“त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो? ऑनलाइन केली.”

“मीही.”

दोघांनी एकदा आपली, एकदा समोरची गाय पाहिली. “तरी फोडलं असणार त्यानंच,” मुरलीशेठ म्हणाले. कुंदनशेठना ते लगेच पटलं.

दोघे तावातावानं निकाळज्याच्या दुकानाशी गेले. शटर बंद होतं. त्यावर रंगानं, हातानं लिहिलं होतं, ‘दुकान भाड्याने देणे आहे.’ अख्ख्या पेठेत इतकं देखणं अक्षर दुसऱ्या कुठल्याच पाटीवर नव्हतं.