प्रमिलावहिनींचं वैराग्य

कॅन्सरने माणसाला वैराग्य येतं, असं नणंदबाईंनी जाहीर केलं. पुरावा म्हणजे प्रमिलावहिनी. केमो सुरू झाल्यापासून त्या भांडत नव्हत्या. नणंदेचा पांचट चहा निमूट पीत, तिचं प्रवचनही डोळे मिटून ऐकत.

"संतपदाला पोचली हो वहिनी!" नणंदबाई गहिवरल्या.

नवरा मात्र घाबरला. संसारात ती त्याच्याशी कधी सहमत झाली नव्हती. त्याने डॉक्टरांना गाठलं. त्यांनी रक्त तपासलं आणि तिला दवाखान्यात ठेवून दोन पिशव्या रक्त चढवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी उशीला टेकून बसल्या. "वन्सं, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी? आणि ते प्रवचन आता पुरे!"

नवऱ्याला रडू आलं.

"अगंबाई, वैराग्य कुठं गेलं?" नणंदबाई हादरल्या.

नर्सने रिपोर्ट पाहिला. "हिमोग्लोबिन सहा होतं. आता आठ आहे."