उलटी बाजू

शिवणाचं मशीन नवीन होतं तेव्हा दोऱ्याचा ताण कसा जमवायचा हेच लव्हॉनला कळत नव्हतं. शेजारच्या आर्लिसच्या आईची गोधडी तिने शिवून दिली खरी, पण मागच्या बाजूला दोरा ठिकठिकाणी सैल सुटून लोंबत राहिला. पुढे काउंटीच्या जत्रेतल्या स्पर्धेत लव्हॉनच्या शिवणीला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली, तरी ती गोधडी काही तिच्या डोक्यातून जाईना.

यंदा आर्लिसने म्हातारीला वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा लव्हॉनने हट्टच धरला. "अगं, तिथे ती गोधडी चार लोक बघणार. माझी लाज जाते. दे इकडे, फुकटात पुन्हा शिवून देते!"

"ने बाई," आर्लिस म्हणाली. "आई आता मलासुद्धा ओळखत नाही, गोधडी काय ओळखणार?"

लव्हॉनने टाका न टाका उसवला आणि अशी शिवली, की उलट कुठली नि सुलट कुठली कळू नये. दोघींनी जाऊन ती म्हातारीच्या अंगावर घातली. तिची बोटं मागच्या बाजूवरून कितीतरी वेळ काहीतरी शोधत फिरली.

 

"बाई, ही माझी नाही," ती लेकीला रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझी आणून द्या ना, तिच्या सुट्या दोऱ्यात बोट अडकवलं की मला झोप लागते."