जोडाक्षराचं नाव

"हा आंबा आहे," फोन म्हणाला.

"आंबा," ठकुबाई म्हणाल्या. फोनने टुण्ण करून शाबासकी दिली.

परदेशी लोकांना मराठी शिकवणारं ते फुकटचं ॲप. निपाणीत जन्मलेल्या, भांडणात येलहंक्याच्या सगळ्या कानडी गल्लीला पुरून उरलेल्या बाईला ते आंबा शिकवत होतं! पण काय करणार? मेंदूतल्या झटक्याने हातापायांना धक्का लावला नाही, वाचा तेवढी नेली. जीव वाचला हेच नशीब. वाचेचे व्यायाम घ्यायला येणारी रक्षिता कन्नड बोलणारी. "मला मराठी येत नाही, फोनला येते," असं हसून सांगत तिनेच हे ॲप सुचवलं होतं. "स्वल्प स्वल्प येईल, अक्का." आणि खरंच, एकेक शब्द येऊ लागला. आला की घरात दिवाळी.

मग उल्काने, त्यांच्या लेकीने, ॲपमध्ये घरच्यांचे फोटो घातले आणि तिथेच घोडं अडलं. फोटो बघून ठकुबाई 'उल्का' म्हणाल्या. शेजारची कावेरी आली. अहो, दूधवाला नागराजसुद्धा आला! पण नवऱ्याचा फोटो दिसला की त्या ओठ घट्ट मिटायच्या, पदर सारखा करायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या. फोन आपला 'कृष्णात, कृष्णात' करून दमायचा.

कृष्णात आपलाच फोटो पुन्हा पुन्हा लावून बघायचे. काही गोष्टी कायमच्या पुसल्या जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या पुसलेल्यांत आपणच निघालो की काय? उभा जन्म एका ताटात जेवलो, आणि बाईला नागराज आठवतो!

"अण्णा, तुमच्या नावात अवघड जोडाक्षर आहे ना, जीभ वळत नाही तिची," उल्का समजूत घालायची. बुडत्याला काडीचा आधार. म्हाताऱ्याने सगळा दोष जोडाक्षराला दिला आणि दोन घास जास्त खाल्ले.

रविवारी उल्काने आपल्या नवऱ्याचा फोटो घातला.

"उपेंद्र," ठकुबाई चटकन म्हणाल्या. टुण्ण!

उल्काने टाळ्या वाजवल्या. मग तिचं लक्ष अण्णांकडे गेलं आणि तिचे हात थांबले. 'उपेंद्र'मध्येही तसलंच अवघड जोडाक्षर होतं; कृष्णातांचा चेहरा पार उतरला होता. खुर्ची ओढून ते बायकोसमोर बसले.

"ठकू, एकदाच सांग. मला वळखतीस का न्हाई?"

ठकुबाईंनी जोरजोरात मान हलवली, होय म्हणून. पण भेदरलेल्या माणसाला मानेवर भरवसा कुठला? नागराजला तर ती नावानिशी हाक मारत होती.

"मग नाव घे की माझं! कोण मी?" त्यांचा आवाज फुटला.

"अण्णा, राहू दे ना," उल्का म्हणाली. पण त्यांनी बायकोचे दोन्ही हात धरून ठेवले होते. "घे म्हणतो ना!"

झटका आल्यापासून ठकुबाईंच्या तोंडून एका वेळी एकाहून जास्त शब्द निघाला नव्हता. आता त्यांच्या मानेची शीर ताठली, ओठ थरथरले, गाल लालभडक झाले.

"अवो... लाज हाय का? पोरीदेखत... नवऱ्याचं नाव घेऊ व्हय?"