शेवटचा हात

दार उघडलं आणि बाबा आपल्याच कारखान्यात शिरले.

निदान त्यांना तसं वाटलं, आणि मागोमाग येणाऱ्या लेकीलाही. विमानात बसून, समुद्र ओलांडून दोघं भागीदार कंपनीच्या नव्या कारखान्यात पाहुणे म्हणून आले होते. पण यंत्रांची खोली घरचीच! डाव्या हाताला तीच उंच खिडकी, तिच्यातून येणारा तोच दुधी उजेड, भिंग घासायची यंत्रं त्याच ओळीत. तिकडे यंत्रांपाशी ठेवलेल्या बाबांच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली फरशीचा तुकडा सरकवलेला असे. इथल्या स्टुलाचाही पाय आखूड होता आणि त्याखाली फरशीचा तुकडा होता.

"अगं बाई, यांनी लंगडं स्टूलसुद्धा मुद्दाम लंगडं करून घेतलंय!" लेक पुटपुटली.

तिला हसू आलं, पण लगेच ओसरलं. यांची माणसं आपल्याकडे येऊन गेली होती, भिंतींचे न् कोपऱ्यांचे फोटो काढत होती, तेव्हा तिला ती हौशी वाटली होती. काय कामाचं आणि काय बिनकामाचं ते न कळल्यामुळे त्यांनी बिचाऱ्यांनी सगळंच उचललं होतं. बाबा मात्र झोपेत चालल्यासारखे एकेका यंत्रावरून हात फिरवत निघाले होते.

भागीदारीत यंत्रं दिली होती, आराखडे दिले होते, मापं दिली होती. दिला नव्हता तो फक्त शेवटचा हात. यंत्रावरून उतरलेल्या भिंगाच्या कडेला किंचित उंची राहते. डोळ्याला ती दिसत नाही, पण तिच्यापायी दुर्बिणीतून चांदणी पसरट दिसते. ती उंची बाबा आतल्या आपल्या खोलीत एकटे बसून हातानं काढत. म्हणून इथलं प्रत्येक भिंग शेवटी त्यांच्याकडेच यायचं. तेवढं यांना जमलं, की आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. कारखाना चालवत होती ती. तिथल्या माणसांच्या चुली त्या एका हातावर पेटत होत्या.

"बाबा, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही," असं तिनं गाडीतच बजावलं होतं.

"नाही गं बाई. कुलूप लावलं बघ."

खिडकीपाशी एक कारागीर मुलगी भिंग तपासत होती. पडद्यावर भिंगाच्या कडेला लाल कडं उमटलं, उंची राहिल्याची खूण. तिनं सुस्कारा टाकला, भिंग पुन्हा यंत्राला लावलं, पुन्हा तपासलं. कडं तसंच. बाबा तिच्यामागे उभे राहून बघत होते आणि त्यांची बोटं शिवशिवत होती. लेकीला ती बोटं दिसत होती.

यजमान साहेब हसून काहीतरी बोलले. दुभाषी म्हणाली, "साहेब म्हणतात, हे स्टूल तुमच्यासाठीच ठेवलंय. बसून तर बघा."

"नको नको," लेक घाईनं म्हणाली. "बाबांची कंबर दुखते."

"काही दुखत नाही माझी कंबर," म्हणत बाबा बसलेसुद्धा.

त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. मुलीच्या हातातलं भिंग अलगद काढून घेतलं, मांडीवरच्या फडक्यावर ठेवलं, आणि तान्ह्या बाळाचं डोकं धरावं तसे दोन्ही तळवे त्याच्या कडेभोवती ठेवून डोळे मिटले. काहीच केलं नाही. नुसते बसून राहिले.

यंत्रं कुणीतरी बंद केली. शांतता पसरली आणि तिच्यात तो दुधी उजेड हळूहळू जाड होत गेला. माणसं कामं टाकून पाण्यातून चालल्यासारखी आवाज न करता जवळ आली, बाबांभोवती जमली. कुणी फोटो काढला नाही. सगळे त्या दोन म्हाताऱ्या हातांकडे बघत होते.

चोराच्या हाती किल्ल्या! लेकीनं हाक मारली.

"बाबा!"

"श्श." बाबांनी डोळे उघडले नाहीत. "मी बोललो का काही?"

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. असे खूश तिनं त्यांना अलीकडे पाहिलेच नव्हते. तिकडे ते दार लावून काम करत आणि संध्याकाळी भिंग आणून टेबलावर ठेवत. ती वकिलांशी बोलत असे. एकदोनदा ते म्हणालेही होते, "ये की गं, बघ तरी." तिला नेमकी मीटिंग होती. कराराचं कलम न् कलम तिनं स्वतः बसून लिहून घेतलं होतं. बाबांची खोली तिला बाहेरूनच माहीत होती.

वाईट वाटलं तिला, फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायची ही वेळ नव्हती. दंड धरून त्यांना उठवायचं, चक्कर आली म्हणायचं, काहीही म्हणायचं. ती गर्दीत घुसली.

एवढ्यात बाबांनी डोळे उघडले. तळव्यांच्या उबेनं कोमट झालेल्या कडेवर त्यांनी अंगठा टेकवला, मनगट किंचित वळवलं आणि घासायला सुरुवात केली. कारागीर मुलीनं श्वास रोखला. यजमान साहेब गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

लेकीच्या पुढ्यात कुणाचा तरी खांदा येत होता. तिनं तो हलकेच बाजूला सारला आणि टाचा उंचावल्या. मनगट नेमकं कुठे वळतंय, ते तिथून नीट दिसत नव्हतं.