खांद्याचा पट्टा

त्याचा पहिला ठोसा तिच्या मास्कवर बसला, दुसरा जबड्यावर. नाकात खारं पाणी शिरलं, तरी तिने त्याच्या जॅकेटचा खांद्याचा पट्टा सोडला नाही.

जागा खरं तर नवशिक्यांचीच. तिन्ही बाजूंनी खडक, मध्ये हौदासारखं शांत पाणी, तळ जेमतेम सहा मीटरवर. लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवण्यात तिचं अर्धं आयुष्य इथेच गेलं होतं. आणि आज तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, घरभर सगळ्यांवर डाफरणारा सहा फुटी गडी, मास्कमध्ये चार थेंब पाणी काय शिरलं, पिसाळला होता.

त्याला आणायचा हट्ट धाकटीचा. "पाण्याला घाबरतो हा," असं चारचौघांत चिडवून तिनेच त्याला बोटीत बसवलं होतं. निघताना तिने ताईला विचारलंही होतं, "समजा, घाबरून कुणी खालून एकदम वर सुटला तर?"

"श्वास कोंडून सुटला तर फुप्फुसं फाटतात. म्हणून कितीही लाथा मारू देत, आम्ही सोडत नाही. धरून हळूहळूच वर आणतो."

धाकटीने मान डोलावली होती. एवढ्या उन्हात तिने पूर्ण बाह्या का घातल्यात, हे ताईने विचारलं नव्हतं. वळांबद्दल विचारलं की "दार लागलं गं," हेच उत्तर यायचं.

आता त्याने तोंडातली हवेची नळी थुंकून टाकली, ओठ घट्ट मिटले आणि वर सुटायला तळाला पाय रेटले. तिने नळी पुन्हा त्याच्या तोंडात कोंबली. तो तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. गुडघा तिच्या पोटात बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. धाकटीवर उठणाऱ्या मुठी याच, हे तिच्या मनात आलंच. बोटं उघडली की संपलं. अपघात म्हणून सोडून देतील सगळे.

तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने त्याच्या पोटात कोपर हाणलं. कोंडलेली हवा भसकन बाहेर पडली, तो नळीतून श्वास घ्यायला लागला, आणि त्याला कवेत आवळून ती हळूहळू वर आली.

बोटीवर चढताच त्याने तिच्या कानाखाली वाजवली. "खाली दाबून धरलं हिने! जीव घ्यायला निघाली होती माझा!" बोटवाल्याने त्याला मागून धरून पार टोकाला नेऊन बसवलं.

धाकटी टॉवेल घेऊन आली. ताईच्या फुटलेल्या ओठावरचं रक्त तिने सराईत हाताने टिपलं.

"वाचला गं तुझा नवरा," ताई धापा टाकत म्हणाली. "इतकं मारलं, पण मी सोडलं नाही त्याला."

धाकटीचा हात थांबला. तिने एकदा बोटीच्या टोकाकडे पाहिलं.

"नुसतं सोडायचं तर होतं, ताई."