कमळाचं पान

चेतनाच्या शिकवणीच्या खोलीत तिच्या दिरानं, सुबोधनं, सकाळीच चादरींचे गठ्ठे छताला टेकतील एवढे रचले. "वहिनी, माल ठेवायला दुसरी जागा न्हाय. क्लास बंदच करा की आता." संध्याकाळी पोरं आली, तसा तिनं फळा उचलला आणि सगळ्यांना तापलेल्या गच्चीवर नेलं.

"पान पर्णरंध्रांतून श्वास घेतं. उन्हानं पाणी उडून जाऊ नये म्हणून ती बहुतेक खालच्या बाजूला असतात."

"मग कमळाची वर का, मॅडम?" एका मुलीनं विचारलं.

खाली अंगणात सुबोध उभा होता. चेतना कठड्यापाशी गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "त्याची खालची बाजू पाण्यात असते. तिकडून वाट बंद झाली, म्हणून पान श्वास घ्यायचं सोडतं व्हय?"